मनिलात अंतर तासांत मोजतात

मनिलाला उतरायचं आणि दोन तासांनी दुसरं विमान पकडून सेबू किंवा पालावानला जायचं, असं तिकीट कागदावर फार सोयीचं दिसतं. विमानतळ एकच, नाव एकच, मग दोन तास पुरायला काय हरकत आहे? तरीही अशी विमानं चुकतात आणि नेहमी चुकतात. पहिलं विमान वेळेवर उतरलेलं असतं, प्रवासी धावपळही करतो, पण पुढचं विमान मिळत नाही.

याचं कारण धावपट्टी. मनिलाच्या निनॉय अकिनो विमानतळाची टर्मिनल्स एकाच आराखड्यातून उभी राहिलेली नाहीत. गरज पडेल तशी, जागा मिळेल तिथे ती बांधली गेली. पहिलं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं, दुसरं १९९९चं. तिसरं २००८ साली सुरू झालं, तेही धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाला. धावपट्टी ओलांडून जाणारी गाडी नाही, आतून धावणारी रेल्वे नाही. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर नेणारी बस विमानतळाबाहेर पडते, शहराच्या रस्त्याला लागते आणि वळसा घालून पलीकडे पोचते. रस्ता मोकळा असेल तर वीस-पंचवीस मिनिटं, नसेल तर तास. त्याआधी पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा आणि कस्टम्स असतंच, कारण वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर सामान तुम्हालाच उचलून पुढे न्यावं लागतं.

म्हणून फिलिपीन्सच्या प्रवासाचं पहिलं काम घरी बसूनच करायचं. तिकिटावर विमान कंपनीचं नाव बघतो तसा टर्मिनलचा आकडाही बघायचा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी तो पुन्हा तपासायचा. २०२४च्या सप्टेंबरमध्ये हा विमानतळ खासगी कंपनीकडे चालवायला गेला आणि त्यानंतर कोणती कंपनी कुठल्या टर्मिनलवर, याची बरीच अदलाबदल झाली. दोन विमानांची तिकिटं वेगळी असतील तर मध्ये पाच तास ठेवा. रात्री उतरत असाल तर मुक्कामच करा. हा वेळ वाया गेला असं वाटून घेऊ नका. विमानतळावर जे घडतं तेच पुढे सगळ्या शहरात घडणार आहे.

दोन पाण्यांमधलं शहर

आपण ज्याला मनिला म्हणतो ते एक शहर नाही. मेट्रो मनिला हा सोळा शहरं आणि पातेरोस नावाची एक नगरपालिका यांचा मिळून झालेला प्रदेश आहे. २०२०च्या जनगणनेत तिथे सुमारे १ कोटी ३५ लाख माणसं होती आणि जागा साधारण ६२० चौरस किलोमीटर. त्यातलं खुद्द मनिला शहर अगदी लहान. स्पॅनिश काळातला तटबंदीचा इन्त्रामुरोस, जुनी चिनी वस्ती बिनोंदो आणि रिझाल पार्क ही तिथली ठिकाणं. मोठ्या कंपन्यांच्या इमारती मकातीत आणि तागिगमधल्या बोनिफासिओ ग्लोबल सिटीत आहेत. विमानतळ पासाय आणि पारान्याकेच्या हद्दीत, तर सगळ्यांत जास्त वस्तीचं केसोन सिटी उत्तरेला. हॉटेलच्या जाहिरातीत नुसतं ‘मनिला’ लिहिलेलं असेल, तर ते यांपैकी कुठल्या शहरात आहे हे आधी शोधा. त्यावर तुमचे रोजचे दोन-तीन तास ठरणार असतात.

आता नकाशा बघा. पश्चिमेला मनिलाचा उपसागर, आग्नेयेला लागुना दे बाय हा प्रचंड तलाव. या दोन पाण्यांच्या मधल्या अरुंद पट्टीवर शहराचा दक्षिण भाग उभा आहे. पट्टी अरुंद, म्हणून वस्ती वाढली ती उत्तर-दक्षिण. मध्ये पासिग नदी आडवी येते, ती ओलांडायला मोजके पूल. त्यात मकातीसारख्या भागात फोर्ब्स पार्क, दासमारिन्यास व्हिलेज अशा श्रीमंत वसाहती आहेत. त्यांच्या भोवती भिंती आणि फाटकावर पहारेकरी. त्यांच्या आतले रस्ते बाहेरच्या गाडीला वापरता येत नाहीत. मोकळ्या शहरात वाहनं पाच-पन्नास गल्ल्यांमध्ये वाटली जातात. इथे ती चार-दोन मोठ्या रस्त्यांवरच येऊन पडतात.

त्यातला सर्वांत मोठा रस्ता एड्सा. कालोओकानपासून पासायपर्यंत कमानीसारखा वळत गेलेला, सुमारे २४ किलोमीटर लांबीचा. १९८६ साली हुकूमशहा मार्कोसची राजवट घालवायला लाखो लोक याच रस्त्यावर उतरले होते. आज तिथे सकाळ-संध्याकाळ गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून आठवड्यातला एक दिवस गाडी गर्दीच्या वेळेत बाहेर काढायला बंदी आहे, याला तिथे ‘कोडिंग’ म्हणतात. सोमवारी १ आणि २, मंगळवारी ३ आणि ४, असा तो क्रम. कोणी ओळखीचा माणूस ‘आज गाडी आणता येणार नाही’ म्हणाला, तर तो टाळत नसतो. त्याचा खरोखरच कोडिंगचा दिवस असतो.

गर्दीलाही पंचांग आहे

मनिलाची गर्दी कधी वाढणार हे बरंचसं आधी सांगता येतं. परदेशी पाहुण्याला ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फिलिपीन्सच्या कामगार कायद्यानुसार पगार महिन्यातून दोनदा द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो १५ तारखेला आणि ३० तारखेला किंवा महिन्याच्या अखेरीला होतो. त्या संध्याकाळी एटीएमपुढे रांगा लागतात, मॉल भरतात, कुटुंबं बाहेर जेवायला निघतात. पगाराचा दिवस शुक्रवारी आला की तिथले लोक त्याला ‘पेडे फ्रायडे’ म्हणतात आणि त्या दिवशी शहाणा माणूस संध्याकाळी पाचनंतर टॅक्सी शोधत नाही. त्यात पाऊस पडला तर अॅपवरच्या गाडीचं भाडं दुपटीच्या घरात जातं आणि तरीही गाडी मिळत नाही. तुमचं परतीचं विमान अशा शुक्रवारी रात्री असेल, तर दुपारीच विमानतळाजवळ जाऊन बसा.

दुसरा हंगाम नाताळचा. तो डिसेंबरमध्ये नाही, सप्टेंबरमध्ये सुरू होतो. ज्यांच्या इंग्रजी नावाच्या शेवटी ‘बर’ येतं त्या चारही महिन्यांत दुकानांमध्ये नाताळची गाणी वाजत असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून वाहतूक इतकी वाढते, की महानगराचं विकास प्राधिकरण मॉलना सकाळी दहाऐवजी अकराला उघडायला लावतं. खरेदीला निघालेल्या गाड्या आणि कचेऱ्यांकडे निघालेल्या गाड्या एकाच वेळी रस्त्यावर येऊ नयेत, एवढाच त्यामागचा हिशेब.

याच्या अगदी उलट होली वीक. मार्च-एप्रिलमधल्या त्या आठवड्यात लोक गावी जातात, रस्ते ओस पडतात, पण गुड फ्रायडेला बहुतेक मॉल बंद, अनेक खाणावळी बंद आणि शहरी रेल्वेही दुरुस्तीसाठी थांबवलेली. त्या दोन-तीन दिवसांचं खाणंपिणं आधी आणून ठेवावं लागतं. ९ जानेवारीला किआपोच्या चर्चमधल्या काळ्या नाझरेनची मिरवणूक निघते. लाखो अनवाणी भक्त त्या मूर्तीच्या दोराला हात लावायला धडपडतात आणि जुन्या मनिलातले रस्ते दिवसभर बंद असतात. बघायला जायचं असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी त्या भागातून विमानतळ गाठायचा बेत करू नका.

रेल्वे आहे, पण तीन तुकड्यांत

रस्ता तुंबला की रेल्वे, हा साधा उपाय मनिलातही चालतो. १९८४ साली सुरू झालेली एलआरटी-१ ही आग्नेय आशियातली अशा प्रकारची पहिली शहरी रेल्वे. ती उत्तर-दक्षिण धावते आणि नोव्हेंबर २०२४ पासून दक्षिणेला पारान्याकेतल्या डॉक्टर सान्तोस स्थानकापर्यंत जाते. एड्सावरून जाते ती एमआरटी-३. पूर्वेला आन्तिपोलोपर्यंत जाते ती एलआरटी-२.

अडचण जोडणीची आहे. या तीन मार्गांचं एकत्र मोठं स्थानक नाही. पासायला एलआरटी-१ वरून एमआरटी-३ वर जायचं तर पादचारी पुलावरून गर्दीतून चालत जावं लागतं. कुबाओला तर वाट मॉलमधून जाते. आणि तिन्हींपैकी एकही मार्ग विमानतळाच्या दारात पोचत नाही. भुयारी रेल्वेचं काम चालू आहे. तोवर मोठ्या बॅगा घेऊन रेल्वेने जायचा विचार सोडा. हलक्या हाताने इन्त्रामुरोस बघायला जायचं असेल तर मात्र रेल्वे उत्तम. गर्दीच्या वेळी मात्र रांग लागते. पुढचा डबा बायका, वृद्ध आणि अपंगांसाठी राखीव असतो. ‘बीप’ नावाचं कार्ड घेऊन ठेवलं की तिन्ही मार्गांवर चालतं आणि तिकिटाची वेगळी रांग वाचते. एड्साच्या मधल्या मार्गिकेवरून धावणाऱ्या ‘कॅरोसेल’ बसही २०२० पासून आहेत. त्यांची मार्गिका राखीव असल्यामुळे शेजारी मोटारी उभ्या असतात तेव्हाही त्या पुढे जात असतात.

जीपनी कशी चालते

फिलिपीन्सला जाऊन जीपनीत न बसता परत येणं मला पटत नाही. नव्या माणसाला ती आधी गोंधळात टाकते. थांबा नाही, वेळापत्रक नाही, कंडक्टर नाही, तिकीट नाही. तरीही लाखो लोक रोज तिच्यातून कामावर जातात. यामागची व्यवस्था एकदा कळली की भीती जाते.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याच्या शेकडो जीप मागे उरल्या. स्थानिक कारागिरांनी त्यांची मागची बाजू लांब केली, वर छप्पर टाकलं, आत दोन समोरासमोर बाकं बसवली. लास पिन्यासमधला साराओचा कारखाना १९५३चा, आणि त्याने या गाडीला जे चकचकीत रूप दिलं तेच जगाला माहीत झालं. पुढे मूळ जीप संपल्या, पण साचा तोच राहिला.

आता तिचा हिशेब समजून घ्या. जुन्या पद्धतीत गाडी मालकाची असते. चालक त्याला दिवसाची ठरलेली रक्कम देतो, तिला म्हणतात ‘बाउंडरी’. आपल्याकडे दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवणारा जसा मालकाला ठरलेले पैसे देऊन उरलेले स्वतः घेतो, तसंच हे. बाउंडरी आणि डिझेल वजा जाता जे उरेल ती चालकाची कमाई. म्हणजे रस्त्याच्या कडेला हात केलेला प्रत्येक माणूस त्याचं संध्याकाळचं जेवण आहे. म्हणून तो कुठेही थांबतो, आणि गाडी भरेपर्यंत चौकात रेंगाळतो. मागून हॉर्न वाजले तरी हलत नाही. वाहतूक तुंबण्यात याचा वाटा आहे, आणि गरिबाला दारापासून दारापर्यंत स्वस्तात पोचवण्याचं श्रेयही याच पद्धतीचं. २०१७ पासून सरकार जुन्या जीपनी काढून नव्या आणायचा कार्यक्रम राबवतं आहे. चालक-मालकांना सहकारी संस्थांमध्ये एकत्र यावं लागलं, त्यावरून संप झाले, वाद अजून चालू आहेत. नव्या गाड्या उंच, वातानुकूलित, बसच्या आकाराच्या आहेत. रस्त्यावर सध्या दोन्ही दिसतात.

बसायची पद्धत अशी. समोरच्या काचेवर आणि अंगावर रंगवलेल्या पाटीवर मार्ग लिहिलेला असतो: किआपो, कुबाओ, बाक्लारान, दिविसोरिया. गाडी येताना दिसली की हात खाली धरून हलवायचा. दार मागे असतं. वाकून शिरायचं, कारण छत बुटकं, आणि वरची दांडी पकडून सरकत जागा घ्यायची. चालक पुढे पाठमोरा. त्याच्यापर्यंत तुमचा हात पोचत नाही. तेव्हा नाणी शेजारच्याच्या हातावर ठेवायची आणि ‘बायाद पो’ म्हणायचं. शेजारचा ती पुढच्याकडे देतो, तो त्याच्या पुढच्याकडे. चार-पाच तळहातांवरून पैसे चालकाकडे जातात आणि सुटे परत त्याच वाटेने येतात. कोणी नाणं मुठीत ठेवून घेत नाही. चालक एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने गिअरशेजारच्या लाकडी खणातून सुटे काढत असतो, आणि कोणी किती दिले, कुठे उतरणार, हे सगळं त्याच्या ध्यानात असतं. तुम्ही चालकाच्या अगदी मागे बसलात तर ही पोचवापोचव तुमच्याच हातून होणार, हे गृहीत धरा. ते काम नाकारलेलं चांगलं दिसत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जुन्या जीपनीचं पहिल्या चार किलोमीटरचं भाडं १३ पेसो आणि नव्या जीपनीचं १५ पेसो ठरलं. इंधन महागलं की ते बदलतं, म्हणून शेजाऱ्याला विचारून द्यावं. पहिल्यांदा बसताना चालकाशेजारची पुढची जागा मिळाली तर ती घ्या. पैसे थेट देता येतात आणि उतरायचं ठिकाण आलं की तोच सांगतो. खिडक्यांना काचा नसतात, त्यामुळे खिडकीशी बसून फोन हातात धरू नका. चौकात गाडी थांबलेली असताना बाहेरून हात घालून फोन ओढणारे असतात. बॅग मांडीवर, पाठीवर नको.

┌──────────────
जीपनीत कामी येणारे शब्द
बायाद पो: हे घ्या भाडं
इसा / दालावा / तात्लो: एक / दोन / तीन (माणसं किती, ते पैसे देताना सांगायचं)
सुक्ली पो: माझे सुटे द्या
मागकानो पो?: किती झाले?
पारा पो: थांबवा
सा ताबी लांग पो: इथेच कडेला घ्या
सलामात पो: आभारी आहे
शेवटचं ‘पो’ आदराचं आहे. मोठ्या माणसाशी बोलताना ते गाळू नका. चालकाला किंवा दुकानदाराला ‘कुया’ आणि बाईंना ‘आते’ म्हणून हाक मारतात.
└──────────────

रिक्षासारखी ‘ट्रायसिकल’ मोटरसायकलला बाजूगाडी जोडून केलेली असते आणि ती मोठ्या रस्त्यांवर नाही, गल्ल्यांमध्ये चालते. तिचं भाडं बसण्याआधी ठरवा. टॅक्सीत मीटर चालू आहे का ते पहिल्या मिनिटातच बघा. रात्री किंवा सामान असताना अॅपवरची गाडी बरी, कारण आकडा आधीच ठरलेला असतो.

सुट्या पैशांचा प्रश्न

एटीएममधून हजाराच्या नोटा येतात आणि जीपनीवाल्याला हव्या असतात नाणी. कित्येक जीपनींत पाटीच असते, की सकाळी फक्त सुटे द्या. कारण सरळ आहे. पहाटे निघालेल्या चालकाच्या खणात अजून काही जमलेलंच नसतं. म्हणून सुपरमार्केटमध्ये किंवा मोठ्या उपाहारगृहात मोठी नोट मोडा आणि वीस-पन्नासच्या नोटा, पाच-दहाची नाणी वेगळ्या खिशात ठेवा. २०१६ पासून तिथे कायदाच आहे, की दुकानदाराने पुरते सुटे परत द्यायचे. सुट्यांच्या जागी गोळ्या-चॉकलेटं दिली तर तो गुन्हा ठरतो. परदेशी कार्डावर पैसे काढले की तिथली बँक दर वेळी २५० पेसोंच्या आसपास शुल्क घेते, तुमच्या बँकेचं शुल्क वेगळं. तेव्हा थोडे थोडे काढत बसू नका.

मोबाइलचं सिम घेताना पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते. पर्यटकाचं सिम ३० दिवस चालतं. वीज २२० व्होल्टचीच आहे, पण भिंतीतलं सॉकेट दोन चपट्या पट्ट्यांचं. आपल्या गोल पिना त्यात जात नाहीत. जाण्याआधी चपट्या पिनांचा अडॅप्टर घेऊन ठेवा.

वादळ दूर, पाणी दारात

पाऊस आपल्याला नवा नाही. फिलिपीन्सचा पावसाळाही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचाच, त्याला ते ‘हाबागात’ म्हणतात. जून ते ऑक्टोबर त्याचा काळ. पण आपल्याकडे न दिसणारी एक गोष्ट तिथे घडते. प्रशांत महासागरातून वर्षाला सरासरी वीसच्या आसपास वादळं फिलिपीन्सच्या हद्दीत येतात. त्यातली कित्येक जमिनीला न लागताच उत्तरेकडे तैवान-जपानच्या दिशेने निघून जातात. बातमीत वादळाची वाट नकाशावर दूर समुद्रात दिसते आणि प्रवासी निश्चिंत होतो. तिथेच चूक होते. वादळ म्हणजे कमी दाबाचं फिरतं केंद्र. ते ईशान्येला असलं की दक्षिण चिनी समुद्रावरची ओली हवा स्वतःकडे ओढून घेतं. ती हवा लुझोनच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे नेमकी मनिलावर येऊन आदळते. जुलै २०२४ मध्ये कारिना या वादळाने फिलिपीन्सच्या भूमीला स्पर्शही केला नाही, आणि तरी मेट्रो मनिलाचे मोठे भाग पाण्याखाली गेले. सप्टेंबर २००९ मध्ये ओन्दोयच्या वेळी मनिलात एका दिवसात सुमारे ४५५ मिलिमीटर पाऊस झाला होता.

म्हणून वादळाच्या वाटेसोबत पावसाचा इशाराही बघावा. हवामान खातं ‘पागासा’ तासाला किती पाऊस पडतो त्यावर पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा देतं. लाल म्हणजे तासाला ३० मिलिमीटरहून जास्त. वाऱ्याचे इशारे वेगळे, १ ते ५ अशा क्रमांकांचे. वादळाचा इशारा लागला की तटरक्षक दल बोटी सोडत नाही. निळं आकाश दिसत असेल तरी नाही. बेटावर अडकलेल्या पाहुण्याला वाटतं बोटवाले उगाच घाबरतात, पण त्या समुद्राने किती जीव घेतले आहेत ते तिथल्या लोकांना ठाऊक आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. उलट परदेशी विमानाच्या आधी एक पूर्ण दिवस मनिला किंवा सेबू शहरात रिकामा ठेवा. पुराच्या पाण्यात अनवाणी चालू नका. पायाला खरचटलं असेल आणि त्या पाण्यात उतरावंच लागलं तर लवकर डॉक्टरांना दाखवा, कारण पुरानंतर दर वेळी लेप्टोचे रुग्ण वाढतात.

शाकाहारी माणसाने काय विचारावं

शाकाहारी माणूस मनिलात उपाशी राहत नाही, पण ‘भाजी’ या शब्दावर विसंबून राहिला तर फसतो. पिनाकबेत ही भेंडी, वांगी, कारली, भोपळा घातलेली भाजी बघून आनंद होतो. तिची चव मात्र ‘बागोओंग’ म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या लगद्यातून येते. मोंगो हे मुगाचं दाट कालवण, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा सुका मासा. तिथल्या स्वयंपाकात मांस हे खारट-चटपटीत चव आणण्यासाठीही वापरतात, आणि मिठाच्या जागी ‘पातिस’ हे माशाचं पाणी. त्यामुळे ‘मी मांस खात नाही’ एवढं सांगून भागत नाही. ‘वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग हिपोन, वालांग पातिस’ अशी यादी म्हणावी लागते: मांस नको, मासे नको, कोळंबी नको, माशाचं पाणी नको. कारिंदेर्या म्हणजे रस्त्यालगतची खाणावळ. तिथे भांडी समोर मांडलेली असतात, त्यामुळे बोट दाखवून विचारायची सोय असते.

सकाळी खांद्यावर दोन डबे टांगून ताहोवाला येतो. गरम, मऊसूत टोफूवर तो गुळासारखा पाक आणि साबुदाणे घालून देतो. कढईत साखरेत घोळून तळलेली केळी काडीला टोचून मिळतात, तीच पातळ आवरणात गुंडाळली की तुरोन. मनिलाच्या पाको भागात महात्मा गांधी स्ट्रीटवर हिंदू मंदिर आहे आणि जवळच युनायटेड नेशन्स अॅव्हेन्यूवर शिखांचा मोठा गुरुद्वारा. त्या परिसरात भारतीय किराणा आणि जेवण मिळतं. एखादं पोर तुमच्याकडे बघून ‘बुम्बाय’ म्हणालं तर दचकू नका. तिथे पिढ्यान्पिढ्या मोटरसायकलवरून फिरत बिनतारण कर्ज देणारे पंजाबी व्यापारी आहेत, त्यांना आणि एकूणच भारतीयांना तिथे त्या नावाने ओळखतात.

पाकोपासून उपसागर फार लांब नाही. रोशास बुलेव्हारवर रमॉन मॅगसेसे सेंटर आहे. विनोबांना १९५८ साली आणि बाबा आमट्यांना १९८५ साली जो पुरस्कार मिळाला, तो देणारी संस्था इथे आहे. ज्यांच्या नावाने तो दिला जातो ते राष्ट्राध्यक्ष मॅगसेसे मार्च १९५७ मध्ये सेबूजवळ विमान अपघातात गेले. मराठी माणसाने संध्याकाळी त्या रस्त्यावर जाऊन यावं असं मला वाटतं.

सेबू आणि दावाओ

सेबूचा विमानतळ सेबू शहरात नाही. तो माक्तान बेटावर, लापू-लापू सिटीत आहे. याच बेटावर १५२१ साली मॅजेलन मारला गेला. बेट आणि शहर यांच्यामध्ये दोन जुने पूल, संध्याकाळी दोन्ही तुंबलेले. २०२२ पासून टोल असलेला तिसरा, दक्षिणेकडचा पूल सुरू झाला आहे. टॅक्सीवाल्याला टोल द्यायची तयारी आधीच सांगितली तर तो त्या वाटेने नेतो. सेबूच्या जीपनीवर ठिकाणांसोबत आकडा आणि अक्षर यांचा संकेत असतो, उदाहरणार्थ ०४एल, त्यामुळे नव्या माणसाला ती मनिलापेक्षा सोपी जाते. मात्र भाषा सेबुआनो. थांबवायला तिथे ‘लुगार लांग’ म्हणतात. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सिनुलोगचा उत्सव असतो. त्या दिवशी शहराच्या मध्यभागी गाडी शिरतच नाही.

दावाओला भारतातून हजारो मुलं डॉक्टर व्हायला जातात, महाराष्ट्रातूनही. मुलांना भेटायला निघालेल्या आईवडिलांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिथे सार्वजनिक जागी धूम्रपान केलं तर दंड होतो आणि शहरात वाहनांच्या वेगावर कडक मर्यादा आहे. हॉटेलात डुरियन फळ नेऊ देत नाहीत, त्याचा वास खोलीतून जात नाही.

भारतीय पासपोर्टवर जून २०२५ पासून पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. ही मुदत वाढवून मिळत नाही. पासपोर्ट आणखी सहा महिने चालणारा हवा, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण हाताशी हवं. निघण्याआधीच्या ७२ तासांत सरकारचा ‘ई-ट्रॅव्हल’ फॉर्म भरायचा. तो फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी असतात.

रस्ता विचारायची वेळ आली तर मॉलच्या दारातल्या पहारेकऱ्याला विचारा. तो बहुतेक वेळा इंग्रजीतून उत्तर देईल. कधी नुसत्या भुवया उंचावेल, तो होकार असतो. कधी हात न उचलता ओठ पुढे काढून दिशा दाखवेल, त्या दिशेला बघा. पण रस्ता दाखवता येत नाही म्हणून ‘नाही’ म्हणणं तिथल्या अनेकांना अवघड जातं, त्यामुळे ज्या उत्तरावर तुमचं विमान अवलंबून आहे ते दुसऱ्या एखाद्याला विचारून पक्कं करून घ्या. पोलिस, रुग्णवाहिका, आग, सगळ्यांसाठी देशभर क्रमांक एकच: ९११.